गर्भ पडला, दगावला किंवा काढला तर बाईवर गुन्हा दाखल होतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न वकिलीच्या कामात, आशाताईंच्या बैठकांत आणि रात्री उशिरा येणाऱ्या फोनवर मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत, आणि त्यांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधी घडलेल्या घटनेला मात्र जुनीच संहिता लागते, म्हणून आवश्यक तेथे दोन्ही कलमांचे क्रमांक दिले आहेत. उत्तरे भारतातील कायद्यापुरती आहेत. परदेशाविषयी शेवटाकडे एक प्रश्न आहे.

१. तिसऱ्या महिन्यात माझा गर्भ आपोआप पडला. हा गुन्हा ठरू शकतो का?

नाही. न्याय संहितेचे कलम ८८ (जुने ३१२) ज्या कृत्याला शिक्षा सांगते ते 'स्वेच्छेने' गर्भपात घडवून आणण्याचे कृत्य आहे. जिन्यावरून पाय घसरला, एसटीच्या प्रवासात दचके बसले, उपास केला, लोहाच्या गोळ्या वेळेवर घेतल्या नाहीत किंवा सातव्या महिन्यापर्यंत उसाच्या मोळ्या वाहाव्या लागल्या, यांपैकी कशालाही कायदा स्वेच्छेने घडवलेला गर्भपात म्हणत नाही. गर्भ का पडला याचे कारण बाईने सिद्ध करावे असेही कोठे लिहिलेले नाही. गुन्हा झाला असे म्हणणाऱ्यानेच तो सिद्ध करायचा असतो. सासूने, शेजारणीने किंवा पोलीस पाटलाने विचारले म्हणून कोणाला वैद्यकीय कागद दाखवण्याचेही बंधन नाही.

२. मग स्वतःहून गर्भ काढणे हा गुन्हा आहे असे लोक का म्हणतात?

कारण मूळ कलम आजही तसेच आहे. कलम ८८ नुसार बाईचा जीव वाचवण्याच्या प्रामाणिक हेतूशिवाय गर्भपात घडवून आणणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि पोटातल्या बाळाची हालचाल जाणवू लागली असेल तर ही कैद सात वर्षांपर्यंत जाते. या कलमाखाली दीड ओळीचे एक स्पष्टीकरण आहे: जी स्त्री स्वतःच स्वतःचा गर्भपात घडवून आणते तीही या कलमाच्या अर्थात येते. २०२३ साली नवी संहिता तयार करताना कलमांचे क्रमांक बदलले. हे स्पष्टीकरण मात्र जसेच्या तसे उचलून नव्या घरात आणून ठेवले. ते गाळण्याची संधी होती आणि ती घेतली गेली नाही, हे माझे मत मी येथे नोंदवून ठेवतो.

प्रत्यक्षात मात्र १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा या कलमाला मोठा अपवाद करतो. त्या कायद्याच्या चौकटीत झालेला गर्भपात हा गुन्हाच नसतो, आणि जेथे गुन्हा नाही तेथे बाई आरोपीही होत नाही.

३. हे कलम आले कुठून?

१८६० च्या दंड संहितेतून, म्हणजे ज्या काळात इंग्लंडमध्येही असाच कायदा होता त्या काळातून. तेव्हा आपल्याकडे त्याचा फास सर्वाधिक बसला तो विधवांच्या गळ्याला. पुनर्विवाहाला समाजाची बंदी, घरातल्याच पुरुषाकडून राहिलेला गर्भ आणि समोर फाशी किंवा काळे पाणी, अशा कोंडीतल्या स्त्रियांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८१ मध्ये सुरतेच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. त्या खटल्यावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्याची जी धुलाई चालली होती तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये छापील उत्तर दिले. गर्भ ठेवणाऱ्या पुरुषाला कायदा काहीच का विचारत नाही, हा त्यांच्या रागाचा गाभा होता. कलम ८८ आजही त्याला काही विचारत नाही.

४. १९७१ चा कायदा बाईला संरक्षण देतो की डॉक्टरला?

शब्दशः वाचले तर डॉक्टरला, आणि पुढची निम्मी गुंतागुंत येथूनच सुरू होते. कायद्याच्या कलम ३ मध्ये असे म्हटले आहे की या कायद्यातील तरतुदींनुसार गर्भपात केल्यास नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक दंड संहितेखाली किंवा अन्य कोणत्याही कायद्याखाली दोषी ठरणार नाही. 'बाई दोषी ठरणार नाही' असे स्वतंत्र वाक्य त्यात नाही. बाईचे संरक्षण हे डॉक्टरच्या छत्रीखाली उभे राहून मिळालेले संरक्षण आहे: डॉक्टर पात्र, जागा मान्यताप्राप्त, कारण कायद्यात बसणारे आणि संमती तिची, एवढे असले की तिच्यावर पाऊस पडत नाही.

या रचनेला इतिहास आहे. महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतीलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये समिती नेमली गेली; तिच्या शिफारशींवरून १९७१ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. चोरून, घाणेरड्या जागी होणाऱ्या गर्भपातांत बायका मरत होत्या आणि डॉक्टर हात लावायला घाबरत होते, म्हणून डॉक्टरची भीती काढणे हा त्यावरचा उपाय ठरला. बाईचा हक्क म्हणून या विषयाकडे पाहण्याची भाषा न्यायालयांत बरीच नंतर आली: २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूल होऊ द्यायचे की नाही हा निर्णय घटनेच्या कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला.

५. किती आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आहे?

२४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान दोन डॉक्टरांचे मत लागते आणि बाई नियमांतील वर्गांपैकी एकात असावी लागते: बलात्कार किंवा लैंगिक अत्याचारातून राहिलेला गर्भ, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणात वैधव्य किंवा घटस्फोट, अपंगत्व, मानसिक आजार, गर्भातील गंभीर दोष, आणि आपत्तीची परिस्थिती. २४ आठवड्यांनंतर वैद्यकीय मंडळाने गर्भात लक्षणीय दोष असल्याचे निदान केले तर आठवड्यांची मर्यादा उरत नाही. एरवी न्यायालयात जावे लागते (पाहा प्रश्न १७). बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागणारा गर्भपात कोणत्याही आठवड्यात आणि एकट्या डॉक्टरच्या निर्णयाने करता येतो.

६. माझे लग्न झालेले नाही. त्यामुळे मी वेगळ्या नियमात येते का?

नाही. २०२१ च्या सुधारणेने 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' हे शब्द काढून 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे केले, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या सवलतीतूनही अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही असे स्पष्ट केले. याच निकालात, गर्भपाताच्या कायद्यापुरते, नवऱ्याने केलेल्या बलात्कारातून राहिलेला गर्भही 'बलात्कार' या शब्दात धरला आहे. त्यासाठी आधी फिर्याद दाखल झालेली असण्याची अट नाही. मंगळसूत्र आहे का, हे स्वागतकक्षातून विचारले गेले तर तो दवाखान्याचा स्वभाव समजावा, कायद्याची अट नव्हे.

७. नवरा म्हणतो, 'माझी सही नव्हती, मी केस करतो.' करू शकतो का?

सज्ञान बाईच्या बाबतीत कायदा फक्त तिचीच संमती मागतो. नवऱ्याने संमतीशिवाय गर्भपात केला म्हणून पत्नीवर आणि डॉक्टरांवर भरपाईचा दावा लावल्याचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१७ मध्ये तेथेही त्याच्या पदरी काही पडले नाही. दवाखाने सवयीने नवऱ्याची सही घेतात. ती नसल्याने गर्भपात बेकायदेशीर होत नाही.

एक खाचखळगा मात्र आहे. घटस्फोटाच्या कायद्यात, २००७ च्या एका प्रसिद्ध निकालात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रूरतेची उदाहरणे देताना, वैद्यकीय कारणाशिवाय किंवा नवऱ्याला न सांगता पत्नीने गर्भपात करणे हेही एक उदाहरण म्हणून दिले आहे. (त्याच वाक्यात पत्नीने 'व्हॅसेक्टोमी', म्हणजे पुरुषांची नसबंदी, केल्याचाही उल्लेख आहे, त्यावरून ते किती काळजीपूर्वक लिहिले गेले असेल याचा अंदाज वाचकांनी बांधावा.) तो मुद्दा घटस्फोटाच्या दाव्यात नवरा मांडू शकतो, पण तो कौटुंबिक न्यायालयातील वाद आहे, फौजदारी गुन्हा नव्हे. 'केस करतो' या शब्दांत दोन्ही एकत्र केले जातात आणि बाई घाबरते.

८. मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या. आता अंगावरून जाणे थांबत नाही. दवाखान्यात गेले तर पोलिसांत देतील का?

आधी दवाखान्यात जा, हा प्रश्न नंतर वाचा. तासाभरात दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, ताप किंवा चक्कर असेल, तर थांबण्यात जिवाचा धोका आहे. आणि डॉक्टरला खरे सांगा: कोणत्या गोळ्या, किती, कधी. सोनोग्राफी करून पिशवीत काही राहिले आहे का हे पाहणे, रक्त थांबवणे, गरज पडल्यास पिशवी साफ करणे, हे उपचार गर्भ आपोआप पडला असो की गोळ्यांनी, सारखेच असतात.

आता कायदा. मिफेप्रिस्टोन आणि मिझोप्रोस्टॉल या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत वापरण्यास मान्यता आहे, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर. चिठ्ठीशिवाय विकल्याचा दोष विक्रेत्याचा आहे आणि त्याबद्दल औषध कायद्याखाली कारवाई होते ती त्याच्यावर. बाईपुरते बोलायचे तर प्रश्न २ मधील ते स्पष्टीकरण कागदावर लागू पडू शकते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कलम ८८ हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत. दुसरे, अशा बायका थोड्याथोडक्या नाहीत: २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे २७ टक्के गर्भपात बाईने स्वतःच घरी केल्याचे नोंदले गेले आहे. एवढ्या सगळ्यांना दवाखान्याच्या पायरीवर घाबरवून परत पाठवणारी तरतूद कोणाचा जीव वाचवते, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

९. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलेच पाहिजे असा नियम आहे का?

सज्ञान बाईच्या बाबतीत, गर्भ पडला किंवा तिने गोळ्या घेतल्या एवढ्यावरून तसे सर्वसाधारण बंधन नाही. नागरिकांनी पोलिसांना कळवायलाच हव्यात अशा गुन्ह्यांची यादी नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम ३३ मध्ये आहे. तिच्यात कलम ८८ नाही. अनेक रुग्णालये स्वतःच्या बचावासाठी सरसकट एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करतात, ती त्यांची प्रथा आहे. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर मात्र नियम निराळा आहे, तो प्रश्न ११ मध्ये पाहावा.

१०. माझे नाव बाहेर जाईल का? पोलिसांनी दवाखान्यात विचारले तर?

या बाबतीत कायदा अनपेक्षितपणे कडक आहे. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव आणि तपशील डॉक्टरने उघड करणे हा १९७१ च्या गर्भपात कायद्याच्या कलम ५-अ नुसार गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अपवाद एकच: कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीला माहिती देणे.

नियमावलीत हे कसे ठेवले आहे तेही पाहण्यासारखे आहे. संमतीपत्र आणि डॉक्टरांचे मत लखोट्यात घालून लखोटा सीलबंद करायचा, त्यावर 'गोपनीय' लिहायचे. बाईचे नाव फक्त दाखल रजिस्टरमध्ये राहते. तेथे तिला अनुक्रमांक आणि वर्ष मिळते, आणि केस पेपर, शस्त्रक्रियागृहाची वही, पुढच्या तपासणीचे कार्ड, सगळीकडे तिच्या नावाऐवजी तो क्रमांकच लिहायचा असतो. हे रजिस्टर गोपनीय दस्तऐवज आहे आणि कायदेशीर अधिकाराशिवाय ते कोणाला पाहता येत नाही. म्हणून 'जरा रजिस्टर दाखवा' असे सांगत आलेल्या हवालदाराला लेखी आदेश मागणे हा डॉक्टरचा उद्धटपणा नसून त्याचे कर्तव्य आहे.

११. मुलगी सोळा वर्षांची आहे. तिच्यावर काही होईल का?

तिच्यावर नाही. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार (पोक्सो) ती पीडित आहे. तिची संमती होती की नव्हती याने तेथे फरक पडत नाही. या कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती मिळालेल्या प्रत्येकाने, डॉक्टरनेसुद्धा, पोलिसांना कळवायचे असते आणि न कळवल्यास कलम २१ मध्ये शिक्षा आहे. पण न कळवल्याबद्दल खुद्द बालकाला शिक्षा नाही, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे.

अडचण अशी झाली की कळवले जाईल या भीतीने आया मुलींना दवाखान्यात न नेता भलतीकडे नेऊ लागल्या. म्हणून २०२२ च्या निकालात (प्रश्न ६) सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला: डॉक्टरने पोलिसांना कळवावे, पण मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास तिचे नाव व ओळख त्यात देऊ नये, आणि पुढे फौजदारी कारवाईतही ती उघड करण्याची गरज नाही. दवाखान्यात गेल्यावर ही विनंती शब्दांत मांडावी, शक्य तर लिहून द्यावी. न मागता ती सवलत मिळतेच असे नाही. गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागते.

१२. पोलीस जबाब घ्यायला आले आहेत. काय करू?

साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तर बाईला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही; तिच्या राहत्या जागीच यावे लागते. अटकच करायची झाल्यास सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती घटनेच्या कलम २० नुसार कोणावरही नाही, पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, आणि तपासात घेतलेल्या जबाबावर सहीही घेता येत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट शब्दांची. मराठीत 'गर्भ पडला' आणि 'गर्भ पाडला' यांत एका कान्याचा फरक आहे, आणि 'गर्भपात' हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो. डॉक्टरांच्या भाषेत तर आपोआप गर्भ पडणे हेसुद्धा 'अबॉर्शन'च असते. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात केस पेपरवर 'इनकम्प्लीट अबॉर्शन' एवढेच लिहिले होते, म्हणजे गर्भ पडला पण पूर्ण बाहेर आला नाही. जबाब लिहून घेणाऱ्याने त्याचे 'अर्धवट गर्भपात केल्याने रक्तस्राव झाला' असे मराठी केले. बाई खाटेवर पडल्या पडल्या 'पडला, पडला' म्हणत होती. कागदावर मात्र ती करती झाली होती. तो एक 'केल्याने' निस्तरायला आम्हाला चार महिने आणि डॉक्टरांचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागले. म्हणून जबाब वाचून दाखवायला सांगावा, 'झाला' की 'केला' हे ऐकून घ्यावे, आणि डिस्चार्ज कार्डवर गर्भ आपोआप पडल्याचे स्पष्ट लिहून घ्यावे.

१३. बाळ पोटातच दगावले, घरीच बाळंतपण झाले आणि आम्ही शेताच्या कडेला पुरले. हा गुन्हा आहे का?

मेलेल्या बाळाला जन्म देणे हा गुन्हा नाही. कलम ९४ (जुने ३१८) निराळ्या गोष्टीबद्दल आहे: जन्म झाल्याचेच लपवण्याच्या हेतूने मृतदेह गुपचूप पुरणे किंवा टाकून देणे. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणूनच पोलीस बहुतेक वेळा आधी हेच कलम लावतात. आपल्याकडे तान्ह्या बाळाला दहन न देता पुरण्याची रीत आहे. चार माणसांच्या देखत, रीतीप्रमाणे पुरले असेल तर लपवण्याचा हेतू कोठून आला?

घरी असे झालेच तर आशाताईंना किंवा उपकेंद्रावर त्याच दिवशी कळवावे. २८ आठवडे पूर्ण झालेल्या गर्भाचा मृतजन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो, आणि ही नोंद म्हणजे काही लपवले नव्हते याचा सर्वांत साधा पुरावा असतो.

१४. गावात तळ्याकाठी अर्भक सापडले. मी एकटी राहते म्हणून संशय माझ्यावर घेत आहेत. पुढे काय होते?

हा प्रश्न वेगवेगळ्या गावांतून येतो आणि प्रत्येक वेळी संशयित बाई विधवा, परित्यक्ता किंवा अविवाहित असते. छत्तीसगडमधील अशाच एका प्रकरणात खालच्या न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने बाईला खुनाबद्दल जन्मठेप दिली होती. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. सापडलेले अर्भक तिचेच होते हेच सिद्ध झाले नव्हते. ती गावात एकटी राहते आणि गरोदर होती, एवढ्याच धाग्यावर शिक्षा उभी होती. पुराव्याशिवाय केवळ एकटी राहते म्हणून बाईवर बाळ मारल्याचा दोष लादणे म्हणजे स्त्रियांविषयीच्या ठरावीक साच्यांना बळ देणे आहे, असे न्यायालयाने म्हटले, आणि तिच्या खासगीपणाच्या हक्काचाही विचार केला. आपल्या वकिलाला या निकालाची तारीख सांगावी.

१५. सासरच्यांनी लिंगतपासणी करायला लावली आणि नंतर गर्भ काढला. मीही अडकेन का?

गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. केंद्राच्या कायद्याच्या कलम २४ नुसार, उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालयाने असेच गृहीत धरायचे असते की गरोदर बाईला तपासणीची सक्ती नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी केली; आणि सक्ती झालेल्या स्त्रीला या कायद्यातील शिक्षा लागू होत नाही.

२०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे एक गरोदर बाई बेकायदा गर्भपातात दगावल्यानंतर तपास सुरू झाला आणि ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. तेथे अटक झालेल्यांत डॉक्टर होता, नवरा होता. तक्रार करायला बाईच उरली नव्हती. म्हणून सक्ती होत असेल तेव्हाच, नंतर नव्हे, कोणाला तरी सांगून ठेवावे.

तुमच्या संमतीशिवाय गर्भपात केला असेल तर कलम ८९ (जुने ३१३) लागते. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा असून शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. जेवणातून गोळी देणारा नवरा आणि फसवून सही घेणारा डॉक्टर, दोघेही त्यात येऊ शकतात.

१६. गरोदर असताना मुलीने विष घेतले. ती वाचली, गर्भ गेला. तिच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा होईल का?

आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने कलम ३०९ नव्या संहितेत आलेलेच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये राहिला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे असते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य असते. तिच्या जबाबात गर्भ पाडण्याचा हेतू घुसडला जात नाही ना, एवढे पाहावे (प्रश्न १२).

१७. २४ आठवडे उलटून गेले आहेत. न्यायालयात परवानगी मागितली आणि नाकारली गेली, तर अर्ज केला म्हणूनच आम्ही अडकणार नाही ना?

नाही. परवानगी मागणे हा गुन्हा नाही, आणि अशा याचिकांत बाईचे नाव 'एक्स', 'ए' असे अक्षराने लिहिले जाते. निकाल दोन्ही बाजूंनी लागतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विवाहितेला २६ आठवड्यांच्या गर्भाबाबत परवानगी नाकारली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईतील १४ वर्षांच्या मुलीला, उच्च न्यायालयाने नाकारल्यानंतर, सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ३० आठवड्यांना परवानगी दिली. पण आठवड्याभरात पालकांचे मत बदलले, धोका नको म्हणून त्यांनी प्रसूतीचा निर्णय घेतला आणि न्यायालयाने २९ एप्रिल रोजी आपला आदेश मागे घेतला. त्या निकालातील दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत: गर्भवतीची संमती सर्वोपरी आहे, आणि कारवाईच्या भीतीने डॉक्टर मागे हटतात म्हणूनच कायद्याचे संरक्षण त्यांना दिलेले आहे. नकार आल्यानंतर चोरून गर्भपात केला तर मात्र प्रश्न २ मधले कलम समोर उभे राहते.

१८. तुरुंगात असलेल्या बाईला हे हक्क आहेत का?

आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये महिला कैद्यांविषयीच्या स्वतःहून दाखल केलेल्या प्रकरणात तसे स्पष्ट केले, आणि नको असलेला गर्भ वाढवायला लावणे हा बाईच्या मानसिक आरोग्यावर आघात आहे असे मानले.

१९. गर्भ पडल्यावर नोकरीत रजा मिळते, पण त्यासाठी कायदेशीरपणा दाखवावा लागतो का?

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजेची तरतूद चालत आली आहे. व्याख्येत मात्र एक पाचर आहे: दंड संहितेखाली शिक्षापात्र ठरणारा गर्भपात तिच्यात धरलेला नाही. व्यवहारात डॉक्टरचे प्रमाणपत्र पुरते, आणि नोकरदार बाईने मागितल्यास ते देण्याची तरतूद प्रश्न १० मधील नियमावलीतच आहे. कारण काय, गर्भ कोणाचा, असले प्रश्न विचारण्याचा मालकाला अधिकार नाही.

२०. मुलगी इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेत आहे. तेथे काय?

भारतातील गोळ्या पार्सलने पाठवू नका, हे पहिले. इंग्लंडमध्ये १८६१ चा कायदा अजून चर्चेत आहे तो याच कारणाने: १९६७ च्या कायद्याने तेथेही संरक्षण डॉक्टरमार्फतच मिळते, आणि मुदतीनंतर घरी गोळ्या घेतल्याबद्दल एका बाईला २०२३ मध्ये तुरुंगवासही झाला, अपिलात तो कमी करून स्थगित ठेवण्यात आला. त्यानंतर १७ जून २०२५ रोजी तेथील कनिष्ठ सभागृहाने, स्वतःच्या गर्भाबाबत बाईवर फौजदारी कारवाई होऊ नये, ही दुरुस्ती १३७ विरुद्ध ३७९ मतांनी स्वीकारली. आपल्याकडे नेमके जे वाक्य नाही (प्रश्न ४), तेच ते आहे. उत्तर आयर्लंडमध्ये असे खटले २०१९ पासूनच बंद आहेत.

अमेरिकेत गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणाऱ्या २४ जून २०२२ च्या तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा झाला. टेक्ससमध्ये तर या निकालाच्या आधीच, कायद्यात आईला स्पष्ट सूट असतानाही, एप्रिल २०२२ मध्ये एका बाईला स्वतः गर्भपात केल्याच्या आरोपावरून खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली आणि काही दिवसांनी आरोप मागे घेण्यात आले. मुलगी ज्या राज्यात आहे तेथील वकिलालाच विचारावे; कोल्हापुरात बसून मी त्याचे उत्तर देणे बरोबर होणार नाही.

२१. वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. दूरध्वनी १५१०० आहे. जाताना डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचे कागद आणि पोलिसांनी काही नोटीस दिली असेल तर ती बरोबर न्यावी. मूळ प्रती कोणाकडे ठेवून येऊ नयेत.